उंबर, गिधाड आणि गावची नोंदवही

आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही खेडुतास विचारावे. तो सांगेल की, त्याच्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. एक उतरले की दुसरे, मग दहा, मग पन्नास. बैलासारखा मोठा देह असला तरी फार वेळ न जाता तेथे हाडांचा सांगाडा तेवढा उरे. ही हाडे गोळा करून खताच्या कारखान्यांना विकण्यावर काही कुटुंबांचा चरितार्थ चाले. या पक्ष्याविषयी कोणास ममत्व होते असे मात्र नाही. आपल्या भाषेत तर 'गिधाड' हा शब्द लोभी माणसासाठी शिवीसारखाच योजला जातो. त्यामुळे १९९० नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली, तेव्हा गावोगावी त्याची फारशी वाच्यता झाली नाही.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनी ही घट प्रथम पद्धतशीरपणे टिपली व १९९९ साली ती प्रसिद्ध केली. पुढे देशभर झालेल्या गणनांवरून असे दिसून आले की, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत हजारी एक एवढीच उरली होती. ना कोणी त्यांची शिकार केली होती, ना त्यांचे अन्न कमी पडले होते. अखेर २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कारण उघडकीस आले. दुखणाईत गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते.

आता प्रश्न असा की, हे प्रकरण कोणत्या खात्याचे? औषध पशुवैद्यकाचे, पक्षी वन खात्याचा, मेलेले जनावर ग्रामपंचायतीचे, आणि पुढे कुत्र्यांची संख्या वाढून पिसाळलेल्या कुत्र्याने माणसाला चावा घेतला तर तो रुग्ण आरोग्य खात्याचा. प्रत्येक खाते आपापल्या जागी बिनचूक काम करीत असताना ही हानी झाली. जे बिघडले ते या सर्वांच्या मधल्या जागेत होते, आणि त्या जागेची फाईल कोणाच्याच कपाटात नव्हती. परिस्थितिकीचे अभ्यासक या मधल्या जागेलाच 'जाळे' म्हणतात. ते जाळे कसे मांडावे, कसे वाचावे आणि कोणत्या पायरीवर उभे राहून वाचले असता त्यात काय दिसते, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

साखळीपासून जाळ्यापर्यंत

गवत हरणाने खाल्ले, हरीण वाघाने खाल्ले, ही अन्नसाखळी शाळेतील मुलांना पाठ असते. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ साली आपल्या ग्रंथात ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तत्पूर्वी १८५९ साली डार्विनने एक मौजेचे उदाहरण दिले होते. तांबड्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे परागण भुंगे करतात. भुंग्यांची घरटी शेतातले उंदीर नासवतात. उंदरांना मांजरे खातात. तेव्हा ज्या भागात मांजरे पुष्कळ, तेथे क्लोव्हरचे बी अधिक धरावे. मांजराचा आणि चाऱ्याचा एकमेकांशी साक्षात संबंध काहीच नाही, तरी एकाच्या वाढीचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

परंतु निसर्गात एक साखळी सुटी अशी क्वचितच सापडते. हरीण एकाच गवतावर जगत नाही आणि गवताला केवळ हरीणच खात नाही. अनेक साखळ्या एकमेकींत गुंततात व त्यांचे जाळे होते. या जाळ्यात प्रत्येक जीव ही एक गाठ, आणि खाणे, परागण करणे, बी वाहून नेणे, आसरा देणे असा प्रत्येक व्यवहार हा एक धागा. पूर्वी अभ्यासकांची समजूत अशी होती की, धागे जितके अधिक तितके जाळे भक्कम. रॉबर्ट मे यांनी १९७२ साली गणिताच्या आधारे या समजुतीस धक्का दिला. धागे कसेही वाढविले तर जाळे उलट डळमळीत होऊ शकते, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून धाग्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या विणीकडेही अभ्यासकांचे लक्ष लागले. गणिताशी आमचे विद्यार्थिदशेपासून फारसे सख्य नाही. म्हणून ही वीण समीकरणांऐवजी एका झाडाखाली उभे राहून पाहू.

उंबर फोडून पाहताना

'उंबर फोडून केंबरे उडविणे' असा वाक्प्रचार आपल्याकडे आहे. झाकलेले दोष उगाच उघड्यावर आणू नयेत, असा त्याचा रोख. वस्तुतः ही केंबरे म्हणजे उंबराच्या अस्तित्वाचा आधारच होय. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, ते प्रारंभी आत वळलेल्या असंख्य बारीक फुलांचे एक बंद गाठोडे असते. त्याच्या टोकाशी एक सूक्ष्म भोक असते. त्यातून गांधीलमाशीच्या कुळातील एक इवलीशी मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद की, शिरताना तिचे पंख गळून पडतात. अंगावर आणलेले पराग ती आतील फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. त्या अंड्यांतून प्रथम बिनपंखी नर बाहेर पडतात. माद्यांशी मीलन करून ते फळाच्या भिंतीस बाहेरची वाट पाडून देतात आणि त्यांचे आयुष्य संपते. नव्या माद्या परागाने माखून त्या वाटेने बाहेर पडतात व दुसऱ्या उंबराचा शोध घेऊ लागतात. वड, पिंपळ, उंबर या कुळातील बहुतेक प्रत्येक जातीची परागण करणारी माशी स्वतंत्र आहे. वडाची माशी उंबराच्या कामी येत नाही.

या माशीचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्या अवधीत, वाऱ्यावर वाहत जाऊन, आतली फुले नेमकी परागणास तयार झालेली आहेत असे दुसरे झाड तिला गाठावे लागते. याचा सरळ अर्थ असा की, परिसरातील उंबरे वर्षभर आळीपाळीने बहरास आली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांची संख्याही पुरेशी हवी. रस्त्याच्या कडेची पंधरा-वीस उंबरे तोडून एखादे देवस्थानाजवळचे राखले, तर ते राखलेले झाड हिरवेगार दिसेल, त्याच्या बुंध्याची पूजाही होईल. पण माशी न आल्यास त्याची कच्ची फळे गळून पडतील. झाड जिवंत आणि नाते मृत, अशी ही स्थिती होय. वृक्षगणनेत मात्र त्या झाडाची नोंद 'सुस्थितीत' अशीच होईल.

ही फळे पिकली तर काय होते? तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ, हरियाल, धनेश, शेकरू, वानर आणि रात्री वटवाघळे, एवढी पंगत त्या एका झाडावर बसते. इतर वृक्षांना फळे नसतात अशा महिन्यांतही उंबर-वडांपैकी कोणी ना कोणी फळलेले असते, हे या कुळाचे वैशिष्ट्य आहे. धनेशाची मादी विणीच्या काळात बेहड्यासारख्या जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते व एका फटीतून नर तिला फळे भरवितो. त्या आठवड्यांत परिसरात फळ नसेल तर मादी व पिल्ले या दोहोंवर संकट येते. सह्याद्रीतील देवराया अशा जुन्या ढोलीच्या झाडांचा आसरा आहेत. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचे जे सर्वेक्षण केले, त्यामुळे त्यांचे महत्त्व अभ्यासकांच्या व शासनाच्या दृष्टीस आले.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. झाडावर आलेला प्रत्येक पाहुणा झाडाच्या उपयोगाचा असतो असे नाही. धनेश किंवा बुलबुल फळ खाऊन बी दूरवर सुखरूप टाकतात. हरियालसारख्या हिरव्या कबुतरांच्या जठरात पुष्कळसे बी भरडले जाते. दोघेही उंबर खातात, पण एक बी पेरतो आणि दुसरा ते पचवितो. हरियाल हा आपला राज्यपक्षी असल्याने हे लिहिताना थोडे जड वाटते. परंतु जाळ्यातील धाग्यांची केवळ गणती करून भागत नाही, धागा कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे लागते, ते यासाठी.

एका तक्त्याची किमया

हे सारे कागदावर कसे उतरवावे? त्याची रीत इतकी सोपी आहे की, प्राथमिक शाळेतील मुलांनाही ती जमावी. समजा, एका गुरुजींनी मुलांना घेऊन आठवडाभर ओढ्याकाठच्या पाच झाडाझुडपांची पाहणी केली : उंबर, वड, जांभूळ, चंदन व करवंद. त्यांच्या फळांवर सहा प्रकारचे पाहुणे दिसले : बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट, धनेश व वटवाघूळ. कागदावर आडव्या ओळीत पाहुणे व उभ्या रकान्यांत झाडे लिहावी आणि जो ज्या झाडाची फळे खाताना प्रत्यक्ष दिसला, त्या चौकोनात खूण करावी. एकूण चौकोन तीस. समजा, बुलबुलाच्या नावे चार खुणा पडल्या (उंबर, वड, चंदन, करवंद). मैनेच्या दोन (उंबर, वड). तांबटाच्याही त्याच दोन. कोकिळेच्या दोन (वड, चंदन). धनेशाची एक (उंबर) व वटवाघळाची एक (जांभूळ). एकूण खुणा बारा, म्हणजे संभवनीय धाग्यांपैकी शेकडा चाळीस प्रत्यक्षात आढळले.

आता एकेक ओळ हाताने झाकून पाहावी. मैनेची ओळ झाकली तर कोणतेही झाड निराधार होत नाही. उंबर व वड यांना इतर तिघे-तिघे आहेतच. बुलबुलाची ओळ झाकली की करवंदाच्या रकान्यात एकही खूण उरत नाही. वटवाघळाची ओळ झाकली की जांभूळ तसेच उघडे पडते. बुलबुलाचे धागे चार आणि वटवाघळाचा एकच; तरी दोघांच्या जाण्याने एकेक झाड पोरके होते. तेव्हा कोणाचे नातेगोते मोठे एवढ्यावरून त्याचे महत्त्व ठरत नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी आहे किंवा नाही, यावरही ते अवलंबून असते. उलट उंबराचा रकाना झाकला तर धनेशाच्या ओळीत काहीच राहत नाही.

हा तक्ता अर्थातच कल्पित व सोपा केलेला आहे. प्रत्यक्षात वटवाघळे उंबरही आवडीने खातात. पण त्यातूनच एक धडा मिळतो. गुरुजी व मुले सूर्यास्तापूर्वी घरी परतली असती, तर वटवाघळाची ती एक खूणही पडली नसती, आणि जांभळाचे बी कोणीच नेत नाही असा निष्कर्ष निघाला असता. जाळे विरळ दिसले तर ते खरोखर विरळ आहे, की आपली पाहणी विरळ आहे, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस विचारावा लागतो.

स्पेनमधील जोर्डी बास्कोम्प्ते, पेद्रो होर्दानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जगातील निरनिराळ्या भागांतल्या अशा बावन्न तक्त्यांचा एकत्र विचार केला. त्यांत एक समान वीण आढळली. ज्यांचे संबंध मोजकेच आहेत, असे जीव बहुधा पुष्कळांशी संबंध असलेल्या भागीदारावर विसंबतात. आपल्या तक्त्यातील धनेश उंबरावर विसंबतो तसेच. या विणीमुळे एखादा किरकोळ धागा तुटला तरी जाळे टिकते. परंतु सर्वांचा यजमान असलेली गाठच सुटली तर एकाच वेळी अनेकांवर आपत्ती येते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी खडकांवरील एका जातीचे तारामासे वर्षानुवर्षे उचलून दूर टाकले, तेव्हा तेथील पंधरा जातींपैकी आठच उरल्या, असे त्यांनी १९६६ साली नमूद केले होते. कमानीच्या माथ्यावरील कळीचा दगड काढला की कमान ढासळते, त्यावरून अशा जीवास त्यांनी पुढे 'कळीची जाती' हे नाव दिले.

एक घटना, चार पायऱ्या

आता गिधाडांकडे परत येऊ. एकच घटना निरनिराळ्या पायऱ्यांवरून पाहिली असता प्रत्येक पायरीवर वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर देणारे खातेही बदलते.

पहिली पायरी एकेका पक्ष्याची. औषध अंगात असलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की काही दिवसांतच त्याची मूत्रपिंडे बंद पडतात व आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. येथे उत्तर पशुवैद्यकशास्त्राचे आहे : वेदनाशामक औषध कोणते द्यावे? मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस अपायकारक नाही, असे चाचण्यांत आढळून आले. शासनाने २००६ साली डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय उत्पादनास बंदी घातली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसल्याने २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

दुसरी पायरी समूहाची. गिधाडे एकत्र जेवतात. एका देहावर पन्नास पक्षी उतरत असतील तर एका विषारी देहाने पन्नासांना धोका. संशोधकांनी २००४ साली हिशेब मांडला, तेव्हा असे आढळले की, शंभरांपैकी एकाहूनही कमी देहांत प्राणघातक मात्रा असली तरी एवढी घट घडून येण्यास ती पुरेशी आहे. त्यातच गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. साळुंकी किंवा उंदीर एका हंगामात तूट भरून काढतात. गिधाडांस ते शक्य नाही. एकेका पक्ष्याकडे पाहून हे गणित कधीच ध्यानात आले नसते.

तिसरी पायरी जीवसमुदायाची. माळावरचे मांस आता कुजू लागले. ते भटक्या कुत्र्यांच्या व उंदरांच्या वाट्यास आले. गिधाड देह झटपट साफ करून उडून जाते; कुत्रे तेथेच राहते, वाढते आणि वस्तीत येते. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या व नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना करून २०२४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गिधाडांचा प्रदेश असलेल्या जिल्ह्यांत ती नाहीशी झाल्यानंतर माणसांचा मृत्युदर शेकडा चारांहून अधिक वाढला, आणि २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख जादा मृत्यू घडले, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज आहे, नोंदवहीतील मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. पण तो निम्मा धरला तरी, कोणत्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्याने' असे कारण लिहिले जात नाही, हे विसरून चालणार नाही. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांतही गिधाडांचा वावर थांबला आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी साधने बसवावी लागली. एका समाजाच्या अंत्यविधीच्या परंपरेचा धागासुद्धा याच जाळ्यात गुंतलेला होता.

चौथी पायरी मुलखाची. गिधाड एका दिवसात कित्येक तालुके ओलांडते. एका पंचायत समितीच्या क्षेत्रात औषधाचा वापर पूर्णतः थांबला, तरी शेजारच्या तालुक्यातील एका दुकानाने ते निष्फळ ठरू शकते. म्हणून गिधाडांच्या वसतिस्थानांभोवती सुमारे शंभर किलोमीटर त्रिज्येचे 'सुरक्षित क्षेत्र' राखण्याची कल्पना पुढे आली. २०२४ साली हरियाणातील पिंजोर येथील संवर्धन केंद्रातून आणलेली गिधाडे पेंच व ताडोबा येथे सोडण्याचा उपक्रम महाराष्ट्रात हाती घेण्यात आला. पिंजऱ्यातून सोडलेला पक्षी कोणत्या गावच्या माळावर उतरेल, हे आदेश काढून ठरविता येत नाही. त्या मुलखातील प्रत्येक पशुवैद्यक दवाखाना व औषधविक्रेता या उपक्रमाचा अघोषित भागीदार आहे.

मुलखाचा नकाशा

मुलखाच्या पायरीवर गाठी व धागे यांचा अर्थच बदलतो. येथे जंगलाचा प्रत्येक तुकडा ही गाठ, आणि दोन तुकड्यांमधून प्राण्यांस ये-जा करता येईल असा नाला, झुडपी रान किंवा शेताचा बांध हा धागा. या जाळ्याचे सर्वांत बोलके चित्र एका वाघानेच काढून दिले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नर वाघास २०१९ साली रेडिओ पट्टा बांधण्यात आला होता. टिपेश्वरचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. वयात आलेल्या नरास स्वतःचा प्रदेश हवा असतो. तो निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, रस्ते, गावकुसे ओलांडीत वर्षअखेर बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा चालू असेतो त्याची एकूण पायपीट ३००० किलोमीटरांहून अधिक भरली. जंगलाबाहेरच्या ज्या भूभागास कागदोपत्री 'वन्यजीव नाहीत' असे म्हटले जाई, त्यातून तो महिनोन्‌महिने चालत होता. वाघ साधारणपणे किती फिरतो याची सरासरी काढून हा मार्ग कोणास सापडला नसता. तो या एका वाघाने दाखविला. तळच्या पायरीवरचा एक प्राणी वरच्या पायरीचा नकाशा उलगडून दाखवितो, तो असा.

या नकाशात तुकड्याचे महत्त्व त्याच्या आकारमानावरून ठरत नाही. वर्धा जिल्ह्यातील बोर हा देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण तो मेळघाट, पेंच व ताडोबा यांच्या दरम्यान वसलेला आहे. प्रवासात मधले स्थानक लहान असले तरी ते बंद पडल्यास दोन्ही टोकांची वाहतूक थांबते. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून नेताना महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखालून प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठ्यांची लांबी ७५० मीटर आहे. २०१९ साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे वन्य प्राणी त्या मार्गांचा वापर करताना टिपले गेले. रस्ताही झाला आणि धागाही राहिला. असे मार्ग आखणीच्या वेळीच ठेवले तर खर्च बेताचा येतो. रस्ता झाल्यावर सुचले तर तो कितीतरी वाढतो, हे बांधकाम खात्यातील अधिकाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

नोंदवहीतील रिकामा रकाना

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही तरतूद मोलाची आहे. कारण वर सांगितलेल्या सर्व पायऱ्यांपैकी जी पायरी गावाच्या आवाक्यात आहे, तिची कागदपत्रे गावाच्याच हाती देणारी अन्य व्यवस्था आपल्याकडे नाही. तथापि २०२० च्या सुमारास मुदतीच्या दडपणाखाली यांपैकी अनेक वह्या घाईने भरल्या गेल्या, हेही मान्य करावयास हवे. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका वहीत उंबरापुढे 'उपयोग : सरपण, औषधी' एवढेच लिहिलेले होते. वटवाघळाचा उल्लेख 'उपद्रवी प्राणी' या सदराखाली होता. गिधाडापुढे एक आडवी रेघ होती.

अशी वही ही नावांची यादी आहे. तीत गाठी आहेत, धागे नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे आणखी तीन गोष्टी लिहिल्या तर तिचे स्वरूप पालटेल : हा जीव कोणावर जगतो, याच्यावर कोण जगतो, आणि कोणत्या महिन्यांत. ही माहिती मिळविण्यास बाहेरून तज्ज्ञ आणावा लागत नाही. गुराखी, मध गोळा करणारे, मच्छीमार, जुन्या जाणत्या स्त्रिया यांच्यापाशी ती असते. फळझाडाखाली बसून खुणा करणारी सातवीची मुले तीत भर घालू शकतात. मात्र एक फेरी दिवेलागणीनंतरही व्हावी. आणि गिधाडाच्या नावापुढची आडवी रेघ खोडून तेथे 'शेवटचे केव्हा दिसले, कोठे' हे वृद्धांना विचारून लिहावे. नसलेल्या जीवाचीही नोंद असते. तीवरून तुटलेला धागा कळतो.

याचा व्यवहारात उपयोग कोठे होईल, याचे एक उदाहरण येथे देतो. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांच्या बदल्यात ठरावीक संख्येने रोपे लावण्याची अट असते. एका जुन्या उंबराच्या बदल्यात गुलमोहराची पाच रोपे लावली, तर हिशेबाच्या वहीत चार झाडांचा नफा दिसतो. वर मांडलेल्या तक्त्यात मात्र उंबराचा रकाना कोरा होतो आणि गुलमोहराच्या रकान्यात फळे खाणाऱ्यांपैकी एकाचीही खूण पडत नाही. ज्या वहीचा वर उल्लेख केला, त्या गावाच्या शिवेवरील रस्त्याच्या दुतर्फा अद्याप पुष्कळशी उंबरे व वड उभे आहेत आणि रस्त्याची आखणी झालेली आहे. तेथील शाळेच्या शिक्षकांनी झाडांना क्रमांक देऊन कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते याची नोंद मुलांकडून सुरू केली आहे. बारा महिन्यांचा तक्ता पुरा झाला की तो ग्रामसभेपुढे ठेवून नोंदवहीस जोडावयाचा, असे समितीने ठरविले आहे.